गोल धरलेलं केंद्रक

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. रेघांच्या वहीतून फाडलेल्या कागदावरचं अकरा ओळींचं पत्र होतं आणि त्यात एकच प्रश्न होता. 'हो' किंवा 'नाही' एवढंच लिहून पाठवायचं होतं. त्याला आता तेवीस वर्षं झाली.

पत्र कुठे आहे ते मी एक दिवसही विसरलो नाही. ते लॉग टेबलच्या जुन्या पुस्तकात आहे. घरात त्या पुस्तकाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि हल्ली मीही लावत नाही. पत्राबरोबर एक घडी घातलेला छापील कागद आहे, दोन्ही कडांना भोकं असलेला, जुन्या प्रिंटरचा. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. लगेच सांगायचं धैर्य असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी भौतिकशास्त्रातला माणूस, पण प्रयोगातला नाही. यंत्राजवळ गेलो की माझे हात आपोआप खिशात जातात. माणसांजवळ गेलो तरी तसंच. बैठकीत मी दाराजवळची खुर्ची धरायचो आणि कुणी काही विचारू नये म्हणून वहीत डोकं घालायचो. गणित मात्र जमायचं, कारण गणित समोरून आवाज चढवत नाही.

काम काय होतं, ते थोडक्यात सांगतो. एक अणुकेंद्रक दुसऱ्यावर जोरात आपटलं की दोघांचं मिळून एक मोठं, तापलेलं, गरगरतं केंद्रक तयार होतं. ते टिकत नाही. लांबत जातं, मध्ये कंबरेसारखं आवळतं आणि तुटतं. यालाच विखंडन म्हणतात. तुटायच्या आधी ते अंगातली उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे कण सोडतं. बहुतेक न्यूट्रॉन, कधी प्रोटॉन, क्वचित एखादा जड अल्फा कण. आता आतलं द्रव्य पाण्यासारखं पातळ असेल तर केंद्रक पटकन तुटेल आणि कण सुटायला वेळच मिळणार नाही. ते मधासारखं घट्ट असेल तर लांबायला वेळ लागेल आणि तेवढ्यात चारदोन कण जास्त निघून जातील. म्हणून तुटण्याआधी किती कण निघाले ते मोजलं की आतल्या घर्षणाचा, त्या घट्टपणाचा अंदाज येतो. मी त्या घट्टपणाचा आकडा काढला होता. साडेसात. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक आकडा, जो परक्या लोकांनी आपल्या लेखांत वापरला. बायको तेव्हा म्हणाली होती, "लोकांना साडेसाती लागते, तुम्ही ती शोधून काढलीत." मी हसलो होतो. मला खरंच अभिमान वाटला होता.

आमच्या संस्थेत एक न लिहिलेला नियम होता. गणित चुकलं तर त्याला गृहीतक म्हणायचं. मोजमाप चुकलं तर मोजणाऱ्याला धरायचं.

ती मोजणारी होती. कोटाच्या वरच्या खिशात सदा एक बारीक चिमटा असायचा, म्हणून सगळे तिला चिमटाबाई म्हणत. पाच वर्षं ती एकाच कामावर होती: तुटणाऱ्या केंद्रकातून तुटण्याआधी किती अल्फा सुटतात ते मोजायचं. मोजणं सोपं नव्हतं. अल्फा मोजायचा, आणि त्याच क्षणी तुटलेले दोन तुकडेही पकडायचे, म्हणजे तो त्याच केंद्रकाचा हे ठरतं. मग तो तुटण्याआधीचा की नंतर तुकड्यांतून निघालेला, हे दिशेवरून वेगळं करायचं. आठ कोनांवर आठ मोजणीयंत्रं, आणि मध्यभागी ज्याच्यावर मारा करायचा ती सोन्याची फॉइल, फुंकर मारली तर फाटेल इतकी पातळ. ती फॉइल करायचे वर्खमामा. मिठाईवरच्या वर्खासारखं पातळ काम करतात म्हणून वर्ख, आणि सगळ्यांशी प्रेमाने वागतात म्हणून मामा. संस्थेत त्यांच्या हातासारखा हात नव्हता.

तिचा प्रबंध तपासायला मला बोलावलं. मी वेगळ्या विभागातला, आणि तुलना माझ्याच गणिताशी होती, म्हणून. दुसऱ्या मजल्यावरची खोली, काच लावलेलं लांब टेबल, पाण्याचा जग. टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष, बाजूला तिचे मार्गदर्शक. मार्गदर्शक मोठ्या आवाजाचे गृहस्थ, माझ्या अगदी उलट.

"हजार विखंडनांमागे अकरा अल्फा?" मी विचारलं.

"साडेअकरा, सर. अर्धा इकडेतिकडे."

"आणि त्यांचा वेगही जरा कमी दिसतोय."

"हो सर. तोही कमीच आहे."

"गणितात चोवीस येतात."

"माहीत आहे, सर. तेच विचारायचं होतं."

मी कागद उलटत राहिलो. खरं तर मला तिचं काम आवडलं होतं. तक्ते स्वच्छ होते, खाडाखोड होती ती झाकलेली नव्हती. पण कमी आणि संथ, या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रयोगवाल्यांच्या मनात एकच शंका येते, आणि ती मलाही पुस्तकातून माहीत होती. फॉइल जाड असेल तर बाहेर पडता पडता अल्फा दमतात, आणि फार दमलेल्याला मोजणीयंत्र मोजतच नाही. म्हणून मी म्हणालो, अगदी हळू, "फॉइल जाड झाली असेल का?"

मार्गदर्शकांनी टेबलावर थाप मारली. "तेच! मी केव्हापासून सांगतोय हिला."

त्यांनी तिला तसं कधीच सांगितलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

"मी वजन केलं होतं, सर," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "आधी मामांनी केलं, मग मी. दोनदा."

"काटा चुकत नाही का?" मार्गदर्शक म्हणाले.

"चुकतो, सर. फॉइल चुकते, काटा चुकतो, यंत्रं चुकतात." ती थांबली. "गणितही चुकत असेल ना?"

"ऐका! आभाळाशी भांडण काढलंय बाईंनी." ते हसले. अध्यक्षही हसले, कारण सगळे हसत होते. ती हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी टेबलावरच्या पाण्याच्या जगाकडे बघत होतो. 'तपासून सांगतो', एवढे दोन शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. पण ते बोलायला मान वर करावी लागली असती.

नव्या फॉइलवर पुन्हा मोजून आणा, असा शेरा पडला. त्याखाली माझी सही आहे. पुढच्याच महिन्यात यंत्र मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झालं, आणि ते सुरू व्हायच्या आत तिची मुदत संपली. ती निघून गेली.

आठ महिन्यांनी पत्र आलं. मला ते पाठ आहे.

'सर, सादर नमस्कार. मी नोकरीला लागले आहे. प्रबंध सोडला, त्याबद्दल तक्रार नाही. एकच विचारायचं होतं. तुमच्या गणितात अल्फा सुटताना केंद्रक गोल धरलं आहे का? लांबलेलं धरलं असेल तर माझीच मोजणी चुकली आणि मी तो विषय मनातून काढून टाकेन. पण गोल धरलं असेल तर कृपया कळवा. हल्ली मी चहात साखर घालतानाही चमचे दोनदा मोजते. आई हसते. मला माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही. हो किंवा नाही, एवढंच लिहिलंत तरी चालेल.'

वाचून मला आधी थोडा रागच आला. गोल कसं धरेन? विखंडनाचं गणित करणारा माणूस केंद्रक गोल धरेल का? लांबणं, आवळणं, तुटणं, सगळं त्यात होतं. तिला तसं लिहायचं ठरवलं आणि लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून प्रोग्राम उघडला.

कण सोडण्याचा भाग वेगळा होता. त्यात वरूनच चौथी ओळ अशी होती: आकार गोल. आणि पुढे शेरा, माझ्याच हातचा: 'तात्पुरतं.'

मग आठवलं. सहा वर्षांपूर्वी एका परिषदेला आकडे पाठवायचे होते. लांबलेला आकार धरून कणांचं गणित करायला आमच्या संगणकाला नऊ दिवस लागत, चेंडूसारखा गोल धरला की चार तास. तारीख जवळ आली होती. तेवढ्यापुरतं गोल धरलं आणि न्यूट्रॉन कमी पडतात म्हणून ते मोजमापाशी जुळेपर्यंत घट्टपणा वाढवत नेला. तो साडेसातवर जाऊन थांबला. न्यूट्रॉन जुळले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती ओळ तिथेच राहिली.

आता वाचणाऱ्याने एवढंच ध्यानात घ्यावं. केंद्रक लांबलं की त्यातून न्यूट्रॉनला सुटणं थोडं सोपं होतं. अल्फाचं उलटं. अल्फाला बाहेर ढकलायला विद्युतभाराचा रेटा लागतो, आणि लांबलेल्या केंद्रकात तो भारच दूरवर पसरलेला असतो. म्हणून अल्फा कमी सुटतात, आणि सुटतात ते बहुतेक टोकांकडून, जरा संथ वेगाने. कमी आणि संथ. जाड फॉइलमुळे दिसलं असतं अगदी तेच.

मी ओळ काढली आणि गणित लावलं. नऊ दिवस मी रोज सकाळी संगणकाच्या खोलीत जाऊन नुसता दिवा बघून यायचो. दहाव्या दिवशी कागद हातात आला. घट्टपणा अडीच. न्यूट्रॉन जुळले. अल्फा, हजारामागे अकरा पूर्णांक चार. वेगही तिचाच.

इथे एक गोष्ट लिहायला लाज वाटते. मला आनंद झाला. तासभर निर्भेळ आनंद, कारण दोन्ही कण एकाच आकड्यात बसले होते, आणि असं फार वेळा होत नाही. तासाभराने ती आठवली.

मी तिच्या मार्गदर्शकांना फोन केला. फोन करायचा म्हणजे मला आधी कागदावर वाक्यं लिहून काढावी लागतात. ती वाचून दाखवली.

"बरं मग?" ते म्हणाले.

"मग... तिचं बरोबर होतं."

"अहो, मुलगी गेली. नोकरी करते, सुखात आहे. आता मढं उकरून कुणाचं भलं होणार आहे? तिचं की तुमचं?"

"पण तिने विचारलंय."

"विचारू दे. तुम्ही सावकाश सगळं नीट मांडा, दोन वर्षांनी छापा. गृहीतक सुधारलं म्हणा. लोक कौतुक करतील."

मला हवी होती तशी परवानगी मिळाली. मी त्यांना दोष देत नाही. ते नसते बोलले तर मी दुसरं कुणी शोधलं असतं.

उत्तराचे खर्डे मी केले. पहिला चार पानांचा झाला, त्यात तीन पानं माझंच समर्थन. तो फाडला. मग वाटलं, पूर्ण तपासून मगच लिहावं. मग वाटलं, इतक्या उशिरा नुसतं 'हो' लिहिणं उद्धटपणाचं दिसेल, उशिराचं कारणही द्यावं लागेल. कारण द्यायचं म्हणून आणखी उशीर झाला, आणि त्या उशिराचंही कारण द्यायचं राहिलं. मी आयुष्यभर केंद्रकांच्या उशिरावर लेख लिहिले. माझ्या उशिरात काय काय निघून गेलं ते मोजायला कुणी यंत्रं लावली नव्हती.

तीन वर्षांनी मी सुधारलेलं गणित छापलं. कौतुक झालं, अगदी मार्गदर्शक म्हणाले होते तसंच. 'स्वतःच्या निष्कर्षाला आव्हान देणारा प्रामाणिक संशोधक', असं एकाने लिहिलं. तुलनेला दुसऱ्या एका प्रयोगशाळेची मोजमापं घेतली, तिची नव्हे. मान्य न झालेल्या प्रबंधाचा दाखला देता येत नाही. तो मान्य का झाला नव्हता, ते त्या लेखात लिहायला जागा नव्हती.

गेल्या महिन्यात वर्खमामा घरी आले. चौदा वर्षांनी, मी निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. आता ते ऐंशीकडे झुकलेत, उजवा हात थरथरतो. दारातच चपला काढून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, साहेब आहेत का? की पुस्तकात आहेत?"

"पुस्तकातच आहेत. ओढून काढा," ती म्हणाली.

मामांनी खिशातून रुमालात बांधलेली डबी काढली. पारदर्शक झाकणाची, तळहाताएवढी. आत एका कड्यावर ताणलेली सोन्याची फॉइल, आणि झाकणावर चिकटवलेली चिठ्ठी. अक्षर मी लगेच ओळखलं. लॉग टेबलमध्ये तेच अक्षर आहे.

"जुनं भांडार मोकळं करतायत," मामा म्हणाले. "भंगारात चालली होती. मी म्हटलं, द्या इकडे, माझी आहे. साहेब, नव्या काट्यावर घातली. माझ्या पुतण्याच्या कारखान्यात आहे काटा, श्वास सोडला तरी हलतो. काय आलं असेल?"

चिठ्ठीवर वजनाचा आकडा होता, तो मी वाचला.

"चिठ्ठीवर आहे तोच आकडा. शेवटच्या घरापर्यंत तोच." त्यांनी डबी टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी. "चोवीस वर्षं, साहेब. त्या दिवशी वरच्या खोलीत म्हणे ठरलं, फॉइल जाड होती. मला शिपायाने सांगितलं. तुम्ही नाव नाही घेतलंत माझं, पण फॉइल कोण करायचं? मला वाटलं, गेला आपला हात. त्याच वर्षी चष्म्याचा नंबर वाढला होता. वाटलं, आपल्या आंधळेपणापायी पोरीचं वाटोळं झालं. नंतर मी बारीक काम घेतलंच नाही. सांगितलं, मला पत्रे कापायला द्या."

मला ते पत्रे कापताना आठवले. मला वाटलं होतं, वयामुळे काम बदललं असेल. विचारलं नव्हतं.

"ती भेटते का?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी भेटली कापडाच्या दुकानात. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिते. पडद्याचं कापड घेत होती. दुकानदार म्हणाला, ताई, खिडकी किती ते सांगा. तर ही म्हणते, माणूस पाठवा हो, मला मोजता येत नाही." मामा हसायला गेले, पण हसू आलं नाही. "मोजता येत नाही म्हणे! मी म्हटलं, पोरी, माझ्यामुळे गेलं तुझं, फॉइल माझीच जाड होती. तर उलट माझीच समजूत घालायला लागली. म्हणाली, मामा, माझ्यामुळे तुमच्या हाताला बोल लागला. दोघं उभे आपले भर दुकानात, चूक माझी मोठी की तुझी करत. दुकानदाराला वाटलं, बिलावरून भांडतायत."

बायको चहा घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

"म्हणून आलो," मामा म्हणाले. "फॉइल बरोबर होती, हे आता नक्की. तिची मोजणीही बरोबर असणार. मग साहेब, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. चुकलं काय?"

"गणित," मी म्हणालो. "माझं गणित चुकलं होतं."

मामा बघत राहिले. मग म्हणाले, "कधी कळलं?"

"हल्ली," मी म्हणालो. "हल्लीच."

एवढं खोटं मी इतक्या सहज कधी बोललो नव्हतो. अडखळलोसुद्धा नाही. मामांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"हल्ली ना? मग काय तर! माणूस म्हटला की चुकायचाच. आम्ही काय देवाघरून आलोय? साहेब, तिला लिहा. मी पत्ता आणलाय." त्यांनी चिठ्ठी काढली. "डबी तुमच्याकडेच राहू दे, पत्रासोबत पाठवा. नको, फाटेल. राहू दे इथेच. तुमच्याकडे शोभते." चहा बशीत ओतून ते दोन घोटांत प्यायले आणि एखाद्या तरुणासारखे जिना उतरून गेले.

बायको उभीच होती.

"हल्ली म्हणजे कधी?"

मी लॉग टेबल काढलं. पत्र तिच्या हातात दिलं, मग तो छापील कागद. तिला आकडे कळत नाहीत. पण कागदाच्या वरच्या कोपऱ्यात प्रिंटरने तारीख छापली होती, आणि पत्रावर ते मिळाल्याची तारीख मी टाकली होती. तिने दोन्ही शेजारी ठेवून बघितलं.

"अठरा दिवस," ती म्हणाली. "पत्र आलं आणि अठरा दिवसांत तुम्हाला कळलं."

"हो."

"आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला तुम्ही आत्ता..." तिने कप उचलले. आतून भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. भांडी तीनच होती.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो की तिला लिहितो.

"काय लिहिणार?"

"खरं ते."

"कशाला? तिने मनाला लावून घेतलं, मग कसंबसं मिटवलं असेल. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिला जड करणार?"

चिमटाबाई आपण चुकलो असं समजून जगली. ती बरोबर होती आणि समोरच्याला ते माहीत होतं, हे कळल्यावर ती कशी जगेल, ते कुठल्याही गणिताने काढता येत नाही. पण तिने विचारलं होतं. मी उत्तर द्यावं की न द्यावं हे ठरवायचा हक्क मला कुणी दिला होता? एवढा एक विचार पक्का वाटत होता. बाकी सगळे हलत होते.

मग दुसरा विचार आला, आणि तो जास्त वाईट होता. तो छापील कागद पाठवायचा, म्हणजे तिला आकडे दिसतील. आणि वरचा कोपरा तेवढा कापायचा. मामांना सांगितलं तेच तिला. हल्ली कळलं. तिचे हात तिला परत मिळतील, आणि मीही फक्त चुकलेला माणूस राहीन. चुकलेला आणि लपवणारा यांत फरक बोटभर कागदाचा होता.

मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून कात्री घेतली. कागद टेबलावर पसरला, पट्टी ठेवून पेन्सिलने रेघही मारली. ती शेजारी बसून बटण लावत होती. कात्री बघितली, रेघ बघितली.

"कापा," ती म्हणाली. "हेही तात्पुरतंच ना?"

तिला त्या शब्दाबद्दल मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी कात्री डब्यात ठेवली. रेघ खोडली, पण पेन्सिल दाबून मारली होती, खूण राहिली.

पत्राला पाच मिनिटं लागली.

'हो. गोल धरलं होतं. तुमची मोजणी बरोबर होती, मामांची फॉइलही बरोबर होती. केंद्रक लांबलेलं धरलं की तुमचाच आकडा येतो. तुमचं पत्र मिळाल्यावर अठराव्या दिवशी मला हे कळलं. सोबतच्या कागदावर तारीख आहे. तेव्हा कळवलं नाही. कारण द्यावं असं कारण माझ्यापाशी नाही.'

क्षमा करा, असं लिहिलं होतं, ते खोडलं. पुन्हा तिच्याकडेच काहीतरी मागणं झालं असतं.

पोस्टात जाण्याआधी मामांकडे गेलो. त्यांचं घर पोस्टाच्या वाटेवरच आहे. ते ओट्यावर बसले होते. मला बघून उठायला लागले.

"बसा, मामा. मी परवा खोटं बोललो. मला तेवीस वर्षांपूर्वीच कळलं होतं."

त्यांनी ऐकलं. काही वेळ उजव्या हाताकडे बघत होते, मग तो डाव्या हाताने धरला.

"आमची ही गेली त्याला सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "ती म्हणायची, तुमचा हात बिघडलेला नाही हो, लोकांचंच काहीतरी असेल. मी तिच्यावर ओरडायचो. म्हणायचो, तुला काय कळतं? साहेबांचं गणित आहे ते."

मी खांद्यावरची पिशवी हातात घेतली.

"डबी आणलीत?"

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात ठेवून बसले. बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईने पाकीट काट्यावर ठेवलं, त्यावरचा पत्ता वाचला आणि म्हणाली, "आजोबा, आत काय काय भरलंय? अजून एक तिकीट लागेल."

मी तिकीट लावलं. तिने तारखेचा शिक्का मारला. तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला, आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.